मिसळणाच्या डब्यातल्या अळ्या

सोलापुरात खोली मिळवण्यासाठी मला बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात ते सांगावं लागलं.

कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक मैंदर्गीजवळच्या गावांत झाली होती. स्पर्धा परीक्षेचा संध्याकाळचा क्लास मात्र सोलापुरात होता. म्हणून कुर्डुवाडीहून वडील मला घेऊन शुक्रवार पेठेतल्या एका घरी आले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधले, भाडं, नळ, गॅस असल्या गोष्टी विचारायच्या तयारीत. दार उघडलं ते सत्तरीच्या एका ठेंगण्या बाईंनी. पांढरी सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि उजव्या हाताच्या बोटांना खडूची भुकटी. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी खडू सुटला नव्हता.

"बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?" त्यांनी मला विचारलं.

"तीन."

"आणि याला?" त्यांनी वडिलांकडे बोट केलं.

"चार," मी म्हणाले.

"असतील अशी आशा करू. खोली दिली."

जिन्यावरून उतरताना वडील मला हळूच म्हणाले, "दुसरी खोली बघायची का गं?" पण मला बाई आवडल्या होत्या.

त्यांना सगळी पेठ नुसतं 'बाई' म्हणायची. आयुष्यभर मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि अख्ख्या पेठेला अजून त्या वर्गच समजत होत्या. दूधवाला उशिरा आला की "उभा राहा" म्हणायच्या, आणि तो खरंच उभा राहायचा. भाजीवालीनं वांगी कापून दाखवली की त्या खडूनं तिच्या गाड्यावर वांग्याची आकृती काढून भागांना नावं द्यायच्या. माणसांच्याही त्यांनी अवस्था ठरवल्या होत्या. त्यांचा पुतण्या दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असायचा, तो 'कोषात' होता. समोरच्या दुकानदाराचं पोट सुटत चाललं होतं, तो 'अळी, शेवटची अवस्था'. मी अभ्यासाला बसले की दारातून डोकावून म्हणायच्या, "तूही कोषात आहेस. हलू नकोस. अर्धवट बाहेर आलीस तर पंख वाकडे राहतील."

या बाईंनी आयुष्यभर शिकवलेलं सगळं फळ्यावरचं होतं. शेत त्यांनी पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. हे मला कळलं ऑगस्टमध्ये, मी पहिल्यांदा अळ्या घरी आणल्या तेव्हा.

त्या वर्षी मक्यावर लष्करी अळी फार होती. ही अळी पोंग्यात शिरते, म्हणजे रोपाच्या मधोमध नवीन पानांची जी सुरळी असते तिच्यात, आणि आत बसून पानं कुरतडते. वर बघावं तर पानांना नुसती भोकं आणि लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा. गावातल्या बैठकीत दाखवायला म्हणून मी सात अळ्या एका काचेच्या बरणीत घालून आणल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या. बाई चहा करायला आल्या त्या चहा विसरून बरणीसमोर बसल्या. डोक्यावरची इंग्रजी उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण, शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके, सगळं त्यांनी भिंग लावून पाहिलं. मी क्लासहून परत आले तरी बाई तिथंच.

"या माझ्याकडे राहू देत," त्या म्हणाल्या. "बैठकीला दुसऱ्या ने."

सकाळी बरणीत पाचच होत्या. बाईंनी ओटा, फरशी, माझी चप्पल, सगळं शोधलं. शेवटी मला सांगावं लागलं की या अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात.

बाईंचा चेहरा पडला. "वर्गात असं चालत नाही," त्या बरणीला म्हणाल्या, आणि त्यांनी तातडीनं प्रत्येकीला वेगळं बसवलं.

कुठं बसवलं ते मला दोन दिवसांनी कळलं. मी वरणाला फोडणी करत होते. तेल तापलं. मिसळणाचा डबा उघडला, मोहरीच्या वाटीत चमचा घातला, आणि मोहरी वळवळली. शेजारी जिऱ्याच्या वाटीतली मान वर करून बघत होती. हळदीच्या वाटीतली मक्याच्या पानाखाली झोपली होती. मी किंचाळले तशा बाई धावत आल्या. मला वाटलं मला धरायला. त्यांनी डबा धरला.

"ओरडू नकोस, ती कात टाकतेय!"

"बाई, मोहरी कुठंय?"

"मोहरी पुस्तकांच्या कपाटात आहे. तिला काही होत नाही. हिला शांतता लागते."

तेल जळालं. त्या रात्री आम्ही बिनफोडणीचं वरण खाल्लं, आणि जेवताना बाई मला अळीला कात का टाकावी लागते ते सांगत होत्या. सांगताना त्यांची पोळी हातातच राहिली.

मी रोज गावाहून मक्याची कोवळी पानं आणायची, आणि बाईंच्या हट्टापायी त्यांच्यासोबत नव्या अळ्याही. एसटीत शेजारच्या बायका विचारायच्या, "शेळी पाळलीस व्हय पोरी?" मी हो म्हणून टाकायची. काय सांगणार?

बाईंनी वाट्यांत माती भरली, अळ्या तिच्यात गेल्या, कोष झाले, आणि एका संध्याकाळी, शेजारच्या घरांतून मालिकांचे आवाज येत होते तेव्हा, बाईंनी मला हाक मारली. हाक फार हळू होती, म्हणून मी पळत गेले. कोष फुटला होता. त्यातून एक भुरकट, ओला, चुरगळलेला जीव निघत होता. पंख म्हणजे ओल्या चिंध्या. तो काडीवर चढला, लटकला, आणि ते पंख हळूहळू भरत, सरळ होत गेले. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"इतका ओला असतो?" त्या म्हणाल्या.

"असतो."

"मी आयुष्यभर चार चित्रं काढली गं. अंडं, अळी, कोष, पतंग. मध्ये बाण. माझा पतंग कोरडाच होता." मग त्या हसायला लागल्या. "किती पोरींना मी कोरडा पतंग शिकवला!"

आता हे सगळं गोड असलं तरी मी सरकारी नोकर होते आणि पतंग म्हणजे किडीची पुढची पिढी. मी म्हटलं, "बाई, हे मारायचे." बाई हो म्हणाल्या. नंतर कळलं की त्यांनी मला न विचारता गच्चीवरून काही सोडून दिले होते. मी चिडले तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

"फक्त पुरुष सोडलेत. पंखांवरच्या पांढऱ्या डागावरून ओळखू येतात. बायका सगळ्या डब्यात आहेत. पुरुषांना अंडी घालता येतात का? मग?"

मी जाऊन डबा उघडून पाहिला. बायका खरंच आत होत्या.

त्या पुरुषांनी नवरात्रात आमची अब्रू घेतली. शेतात लावायच्या कामगंध सापळ्यांच्या गोळ्या मी बाईंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. रबराची बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण तिला मादी पतंगाचा वास असतो. माणसाला तो येत नाही. नर मात्र त्या वासावर झेपावत येतो आणि सापळ्यात पडतो. बाईंना ही युक्ती इतकी आवडली की शेजारच्या घरी हळदीकुंकवाला जाताना बायकांना दाखवायला म्हणून त्यांनी एक गोळी पर्समध्ये टाकली. पेठेतलं भजनी मंडळ झाडून तिथं आलं होतं. दिवेलागण झाली, दारं-खिडक्या उघड्या, मंडळाच्या अध्यक्षीणबाई गाणं म्हणत होत्या, आणि गच्चीवरून एक पतंग आत आला. मग दुसरा. मग आणखी तीन-चार. सगळे बाईंच्या पर्सवर, पदरावर, चष्म्यावर. बायका ताटं टाकून उठल्या. कुणी खुर्चीवर चढलं. एकीनं ओटीचा नारळ उगारला.

बाई मधोमध आनंदानं उभ्या. "घाबरू नका, घाबरू नका! सगळे पुरुष आहेत!"

हे ऐकून अध्यक्षीणबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कडी लावून घेतली.

एवढा गोंधळ घातल्यावरही बाईंना एक गोष्ट हवीच होती. त्यांना शेत बघायचं होतं. दसऱ्यानंतर मी त्यांना घेऊन गेले. काशव्वाच्या रानात.

काशव्वा चाळिशीतली, तिचा नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरी ती, कानडीच बोलणारी तिची सासू, जिला ती आत्ती म्हणायची, आणि शेळ्या. होतं तेवढ्या रानात तिनं शाळू पेरला होता, म्हणजे रब्बीची ज्वारी. वर्षाची भाकरी तीच आणि जनावरांचा कडबाही तोच. शाळू गुडघ्याला आला होता आणि मक्यावरून उठलेली अळी आता त्याच्या पोंग्यात होती. आम्ही पोचलो तेव्हा काशव्वा बांधावर बसली होती. जवळ पाठीवरचा पंप, आणि दुकानदारानं एकत्र मिसळून मारायला दिलेल्या तीन बाटल्या.

मी तिच्याशी बोलत होते तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला. त्यांनी एका रोपाचा पोंगा उकलला होता आणि आत हिरवट, टपोरी, पूर्ण वाढलेली अळी होती. माझ्या बरणीतल्या कुपोषित अळ्यांपुढे ही पैलवान.

"अय्या! किती सुंदर!" बाई ओरडल्या. "काय तब्येत आहे!"

काशव्वा उठली. बाईंच्या हातातल्या पानाकडे बघितलं.

"तब्येत आसंल की," ती म्हणाली. "आमच्या पोटातलं खाऊन केल्याली हाय ती."

ती रागावून बोलली नाही. म्हणूनच फार लागलं. बाईंनी पान खाली ठेवलं.

मी काशव्वाला म्हटलं, ते तीन बाटल्यांचं मिश्रण मारू नको, विरळणीत उपटलेली रोपं शेळ्या खातात. हातानं वेचून, पोंग्यात माती-राख टाकून, मग निंबोळी अर्क फवारला तर पीक वाचू शकतं.

"वेचणार कोण ताई? मी आन् आत्ती? तोवर उरंल काय?" ती म्हणाली. "गुरुवारी मारणार मी. न्हायतर मोडून टाकते रान."

तिचं बरोबर होतं. परतताना एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर त्या सरळ गच्चीवर गेल्या. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि डब्यातल्या एकेक वाटीतले कोष, पतंग, अळ्या त्यात सोडल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "नको. मी वाढवल्यात."

डबा घासून, पुसून त्यांनी त्यात पुन्हा मोहरी भरली. मग विचारलं, "त्या रानाला किती माणसं लागतील?"

"दहा-बारा, दिवसभर."

"एवढीच?" म्हणाल्या, आणि त्यांनी फोन उचलला.

बुधवारी सकाळी काशव्वाच्या बांधावर टेम्पो थांबला आणि त्यातून शुक्रवार पेठेचं भजनी मंडळ उतरलं. डोक्याला टॉवेल, पायात कॅनव्हासचे बूट, साड्या खोचलेल्या, हातात डबे. एकीनं टाळही आणले होते. आधी बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "एक हात अंतर! पाटीलबाई, बोलणं बंद!" मग खडूनं टेम्पोच्या फळीवर शाळूचं रोप काढलं, भागांना नावं दिली, पानावर कापसासारखा अंड्यांचा पुंजका काढला. "हा दिसला की पान तोडून साबणाच्या बादलीत. अळी दिसली की तीही बादलीत. मागून येणारीनं पोंग्यात चिमूटभर राख-माती. अक्षता टाकतो तशी. कळलं? जोरात सांगा."

"कळलं बाई!" साठीच्या बायका ओरडल्या.

काशव्वाची सासू खोपीच्या दारात बसून बघत होती. काहीतरी कानडीत म्हणाली आणि पदरानं तोंड झाकलं.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

काशव्वा अवघडली. "हुच्चर म्हणतीया. येडी माणसं."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "चला, पहिली ओळ!"

अध्यक्षीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की त्या अळीला हात लावणार नाहीत, फक्त राख टाकतील. अर्ध्या तासात त्यांना एक पोंगा संशयास्पद वाटला. त्यांनी डोळे मिटून आत दोन बोटं घातली, अळी काढली, "रामकृष्णहरी" म्हणून बादलीत टाकली. त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. दुसऱ्यांच्या ओळीत घुसून त्या अळ्या काढायला लागल्या. "इथं सुटलीय एक! कोण होतं या ओळीत?" त्यांचा तो आवाज भजनात मी कधी ऐकला नव्हता.

ऊन चढलं तसे टाळ निघाले. काशव्वाही ओळीत होती, आणि हळूहळू तिच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं ती वाकत, उठत होती. याच वेळी जीप आली. तालुक्याचे साहेब. माझ्या गावांची पाहणी करायला त्या दिवशी येणार हे मला माहीत होतं, पण या गडबडीत पार विसरले होते. साहेब उतरले. समोर रानभर बायका, गजर चाललाय, आणि त्यांची कृषी सहायक कमरेला राखेची पिशवी बांधून उभी. ते माझ्याकडे यायला निघाले ते थेट बाईंच्या ओळीत आले.

"मध्ये उभे राहू नका. रोप मोडेल."

"अहो, मी तालुका—"

"तालुक्यातलेच दिसताय. नखं दाखवा."

साहेबांनी नखं दाखवली. का दाखवली ते त्यांनाही कळलं नसावं.

"वाढलीत. पण अळी धरायला बरी पडतील. शाळा कुठली तुमची?"

"बार्शीची."

"तरीच. माझ्या हातून राहून गेलात." आणि बाईंनी त्यांच्या ओंजळीत राख ओतली.

साहेबांनी दोन ओळी पूर्ण केल्या. नंतर बांधावर बसून अध्यक्षीणबाईंच्या डब्यातली शेंगाचटणी आणि भाकरी खाल्ली, आणि जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, "निंबोळी अर्क मी पाठवतो. बाई परत कधी येणारेत?"

बाई आठवड्यानं परत गेल्या, मंडळ घेऊन. मधल्या दिवसांत मी नीट जेवले नाही. गुरुवारी पंप उचलायचा काशव्वाचा बेत माझ्या शब्दावर थांबला होता. पीक गेलं असतं तर तिला तोंड दाखवता आलं नसतं. ओढ्याकडचा कोपरा गेलाच. तिथली रोपं वाळली, ती उपटून शेळ्यांना घातली. पण एका सकाळी मी एसटीत असतानाच काशव्वाचा फोन आला.

"ताई, नवीन पान निगालंय. भोक न्हाय."

"एकातच?"

"एक काय, चला की बघायला. बाईंनाबी सांगा."

मी एसटीतच "भोक नाही!" म्हणून ओरडले. कंडक्टरनं तिकीट तपासलं.

वेळ अमावास्येला, तिकडं येळवस म्हणतात त्या दिवशी, काशव्वानं आम्हाला रानात जेवायला बोलावलं. शाळू पुरुषभर उंच, कणसं निसवून बाहेर पडलेली. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, तिच्यात पुजलेले दगड, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील. बाई आणि काशव्वाची सासू दिवसभर बोलत बसल्या. एक मराठीत, एक कानडीत. कुणीही कुणाला थांबवलं नाही. संध्याकाळी मी बाईंना न्यायला गेले तर म्हणाल्या, "मी राहतेय. दाणे भरले की पाखरं येतील म्हणतात या. कोणीतरी राखण करायला नको?"

"या काय म्हणतात ते तुम्हाला कसं कळलं?"

"हाताच्या हालचालीवरून. निरीक्षण करावं गं."

बाई खरोखरच राहिल्या. मध्ये एकदा सोलापूरला येऊन स्वेटर आणि खडू घेऊन गेल्या, आणि परत तिकडंच. काशव्वा फोनवर सांगायची, बाई गोफण शिकल्या, दगड कुटंबी जातोय, खरं आवाजानंच पाखरं उठत्यात.

त्याच दिवसांत माझा परीक्षेचा निकाल लागला. निवड झाली होती. प्रशिक्षणाला पुण्याला जायचं होतं, खोली सोडायची होती. वडिलांना सांगताना मी नाचले, पण बाईंना सांगायचं कसं ते सुचेना. सगळी वाट मी वाक्यं जुळवत होते.

रानात पोचले तर बाई राखणीच्या माळ्यावर उभ्या. चार खांबांवर फळ्या टाकलेला उंच माळा, खाली काशव्वाची सासू विळ्यानं तण काढत बसलेली. पाखरांचा थवा उतरला की बाई वर्गातल्या आवाजात "अहो मागचे! उठा!" म्हणायच्या आणि थवा उठायचा.

"बाई, खाली या. बोलायचंय."

"तूच वर ये. इथून सगळा वर्ग दिसतो."

मी शिडी चढले. माझी वाक्यं शिडीवरच सांडली. नुसतं म्हणाले, "बाई, माझी निवड झाली. मी खोली सोडतेय."

"माहीत आहे. साहेबांचा फोन आला होता." त्या शाळूकडेच बघत होत्या. "छान झालं. खोलीचं मी बघितलंय. विद्यापीठातली एक मुलगी आहे. विंचवांवर काम करते."

"विंचू? घरी आणणार?"

"काचेच्या पेट्या आहेत म्हणे तिच्याकडे. म्हणते, विंचवीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. मी चित्रातसुद्धा नीट पाहिलेलं नाही." त्यांचे डोळे चष्म्यामागं चमकत होते. मग त्यांनी माझा हात धरला, खडूच्या बोटांनी, घट्ट. "सोमवारी येतेय ती. तू रविवारी जाऊ नकोस. सोमवारी जा. तिला सांग मी कशी आहे ते. चांगलं सांग. नाहीतर ती पेट्या घेऊन परत जाईल."

खालून सासू कानडीत काहीतरी ओरडली. पाखरं उतरली होती. बाईंनी माझा हात सोडला, गोफण उचलली आणि तीनदा गरगर फिरवली. दगड मागं गेला. मी फळ्यांवर बसून पोट धरून हसत होते. आणि खरं सांगते, न पाहिलेल्या त्या विंचवांचा मला फार हेवा वाटत होता.